एक मीटर कुठून धरायचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वडांवरून नाव पडलेल्या आपल्या बडोद्यात फुटपाथवर पेव्हर ब्लॉक बसतात, तेव्हा झाडाभोवती गोल आळे सोडायचे असते. किती मोठे? २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आकडा चांगला आहे. घोळ होतो तो हा मीटर कुठून धरायचा यात.

बुंध्याचा घेर २२० सेंटीमीटर असेल, तर ३.१४ ने भागून व्यास ७० आणि त्रिज्या ३५ येते. मीटर सालीपासून धरला, तर आळ्याची त्रिज्या १३५. झाडाच्या मध्यापासून धरला, तर मोकळी माती ६५ सेंटीमीटर. आणि आळ्याचा व्यासच एक मीटर धरला, तर प्रत्येक बाजूला उरते १५ सेंटीमीटर, वीतभरही नाही.

मध्यावर खुंटी ठोकून दोरी फिरवता येत नाही, कारण तिथे झाडच उभे आहे. पण मध्य लागतोच कशाला? त्रिज्या एक मीटरने वाढली की परिघ दोन गुणिले पाय (π, ३.१४), म्हणजे ६.२८ मीटरने वाढतो. मधले झाड रोपटे असो की जुना वड. तेव्हा जमिनीलगत टेप ताणून घेर घ्यावा आणि त्यात ६.२८ मिळवावे. २.२० चे ८.४८ झाले, तीच आळ्याच्या कडेची लांबी. (वनखाते १.३७ मीटर उंचीवर घेर घेते. ते माप इथे नको. बुंधा खाली रुंदावतो.) बुंधा लांबट असला तरी हिशेब तोच, फक्त टेप खोबणीत न दाबता उंचवट्यांवरून न्यायचा. मग मीटरभराच्या काठीने हात-हात अंतरावर चुन्याच्या खुणा करायच्या. खुणांवरून फिरवलेली दोरी वीतभर कमी भरली, तर कुठेतरी काठी तिरपी धरली गेली, असे समजावे.

विटांची कड करताना आणखी एक चूक होते. २३ सेंटीमीटरची वीट आणि एकाचा सांधा धरला, तर थराला ३५ विटा आणि एक तुकडा लागतो. पण विटेची रुंदी साडेअकरा असल्याने बाहेरचा परिघ आतल्यापेक्षा ७२ सेंटीमीटर जास्त भरतो. तो सांध्यांतच जिरवावा लागतो: आत एक, बाहेर तीन. एवढा जाड मसाला सुकताना तडकतो. अद्धे, म्हणजे अर्ध्या विटा, लावले की सांधे दुप्पट होतात आणि बाहेरची फट दोनपाशी थांबते. जाणता कडिया (गवंडी) हे न सांगता करतो.

२२/७ घ्यावे की ३.१४१६, यावर मात्र डोके खर्चू नये. आर्यभटाने २०,००० व्यासाला ६२,८३२ परिघ सांगितला आणि त्यालाही ‘आसन्न’च, म्हणजे जवळपासचा, म्हटले. आपल्या २.७ मीटर व्यासाच्या आळ्यात दोन्हींतला फरक साडेतीन मिलिमीटरही नाही.

कामाच्या कागदावर ‘एक मीटर गोल’ लिहिण्याऐवजी ‘सालीपासून एक मीटर मोकळी माती, आतल्या कडेची लांबी बुंध्याचा घेर अधिक ६.२८ मीटर’ असे लिहावे, ही विनंती. तपासायला एक टेप पुरतो.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे