पीएस टू भंगारात देऊ नका

नागोया, फेब्रुवारी 2026

ती. बाबा आणि आई, सा. न.
आजीला नमस्कार सांगा. चिन्याला सांगा, तुझ्यासाठीही बरंच लिहिलंय, उड्या मारत वाचू नकोस.

फोनवर आपण चौघं एकदम बोलतो आणि शेवटी "जेवलीस का" एवढंच नीट ऐकू येतं, म्हणून लिहायला बसले. जेवते. बरी आहे. थंडी आहे पण निफाडपेक्षा फार वेगळी नाही असं समजा, आणि खोलीत हीटर आहे. खोकला केव्हाच गेला. आवाज घोगरा वाटला तो फोनमुळे.

आता महत्त्वाचं. माळ्यावरचा पीएस टू, म्हणजे आपला जुना प्लेस्टेशन गेमचा डबा, भंगारवाल्याला देऊ नका. आई, तू म्हणालीस की चिन्याकडे नवीन पीएस फाइव्ह आलंय, मग ते धूड कशाला जागा अडवायला. अगं, नवीन मशीन जुन्याचं सगळं काम करत नाही. आपल्या त्या क्रिकेटच्या आणि गाड्यांच्या डिस्क पीएस फाइव्हमध्ये घातल्या तर ते नुसतं ओळखत नाही म्हणून सांगतं. त्या खेळायच्या तर तेच धूड लागतं. त्याच्यासोबत ते काळं मेमरी कार्डही असेल, साधारण काडेपेटीएवढं, त्यावर माझ्या अक्षरात "मनू, हात लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवलेली. त्यात फक्त 8 एमबी मावतं, हल्लीचे चार फोटोसुद्धा धड बसणार नाहीत. पण आमच्या सगळ्या सुट्ट्या त्यात आहेत. ते चिन्याच्या खणात ठेव, माळ्यावर नको. तिथे उंदीर आहेत.

बाबांचा प्रश्न असा होता की एकाच कंपनीचं, एकाच नावाचं मशीन, नुसता आकडा बदलला, तर जुनी डिस्क का चालू नये? प्रश्न रास्त आहे. कंपनीचंसुद्धा कधी असं, कधी तसं. 2000 साली पीएस टू आला तेव्हा त्याच्यात पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालायच्या. 2006 ला पीएस थ्री आला, त्याच्या सुरुवातीच्या मशीनमध्ये पीएस टूचे मुख्य चिप चक्क आत बसवलेले होते, म्हणजे नव्याच्या पोटात जुनं. ते महाग पडायला लागलं तसं काढून टाकलं. पुढे पीएस थ्रीचा प्रोसेसर इतका तिरपागडा होता की 2013 च्या पीएस फोरला त्याच्या डिस्क वाचताच येईनात. पीएस फोर साध्या कॉम्प्युटरच्या जातीचा निघाला आणि पीएस फाइव्ह त्याच घराण्यातला, म्हणून चिन्याच्या पीएस फोरच्या डिस्क आता बिनबोभाट चालतात. बाबा, तुम्ही जन्म नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये काढलात, तुम्हाला पटेल असं सांगते. पीएस फोरवरून पीएस फाइव्हवर जाणं म्हणजे नव्या मालिकेची नोट आली पण जुनीही बाजारात चालते, तसं. आणि चिन्या जो व्हीआरचा चष्मा मागतोय, डोळ्यांवर लावला की गेमच्या आतच शिरल्यासारखं वाटतं तो, ती थेट नोटबंदीची, 8 नोव्हेंबरची रात्र.

त्याआधी खाचेचं. डिस्कची खाच असलेलं मशीन घ्या म्हणून मी हट्ट धरला आणि बाबा म्हणाले, एवढ्याशा खाचेचे दहा हजार? होय, दहा हजार. खाच नसती तर घरातल्या सगळ्या जुन्या डिस्क पेल्याखाली ठेवायच्या कामाच्या राहिल्या असत्या, आणि प्रत्येक गेम ऑनलाइन, ती म्हणेल त्या भावाला घ्यावा लागला असता. ती म्हणजे कंपनी. एमजी रोडवरून जुनी डिस्क घ्यायची, खेळून झाली की परत विकायची, हे खाचेमुळेच जमतं. मी उधळपट्टी करत नाहीये.

चिन्या, आता तुझे टोमणे. "गेम बनवणाऱ्या देशात बसली आहेस आणि एक डिस्क पाठवत नाहीस." इथे ओसू नावाचा भाग आहे, मोठ्या देवळाच्या भोवतीचा बाजार, आपल्या पंचवटीला देवळाबाहेर जशी दुकानं लागतात तसाच, फक्त कुंकवाऐवजी काही दुकानांत जुने गेम. सुट्टीला मी तिथेच असते हे खरं. पण तुला डिस्क पाठवत नाही त्याला कारण आहे. जपानी डिस्क तुझ्या मशीनवर चालेल. पण त्या गेमचं जादाचं, म्हणजे डीएलसी, तू भारतातल्या दुकानातून विकत घेतलंस तर ते जपानी डिस्कला चिकटत नाही. डिस्क ज्या भागातली, डीएलसीही त्याच भागातलं लागतं. पैसे कापले जातील आणि गेम म्हणेल, कोण तुम्ही? मग तू मला रात्री बारा वाजता फोन करणार, इथे साडेतीन वाजलेले असणार. म्हणून डिस्क तिथेच घे, पैसे मी देते.

दुसरं, तू मला जपानमधल्या स्वस्त पीएस फाइव्हची बातमी पाठवलीस, मित्राला हवंय म्हणून. नोव्हेंबरात आलं ते, 55,000 येनला, खरं आहे. पण त्यात भाषा फक्त जपानी, आणि खातंही जपानचंच लागतं. शिवाय खाच नाही. मित्राला सांग, नाद सोड.

इथलं एक मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मला अजून त्याची सवय झालेली नाही. आपल्याकडे बरोबर उत्तराला बाई टिक करतात आणि चुकलेल्या शब्दाभोवती लाल गोल काढतात, हो ना? इथे बरोबर उत्तराला गोल. आणि चुकीच्या उत्तराला बऱ्याचदा टिक! भाषेच्या वर्गात पहिली परीक्षा झाली, पेपर परत आला तर नुसते गोलच गोल. माझ्या पोटात गोळा. शेजारी बसलेली नेपाळची मुलगी तर रडायलाच आली होती. आणि बाई समोर हसतायत, टाळ्या वाजवतायत. फॉर्म भरायचा तरी तेच, हवा तो पर्याय टिक करायचा नाही, त्याला गोल करायचा. दुकानदाराला विचारलं, अमुक आहे का, आणि नसेल तर तो तोंडाने काही न बोलता छातीसमोर दोन्ही हातांची फुली करतो. पहिल्यांदा वाटलं हा कराटे करतोय. लांबून कोणाला "सगळं ठीक" सांगायचं तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन गोल. म्हातारे लोकसुद्धा रस्त्याच्या पलीकडून करतात, आणि छान दिसतं ते.

हे एवढं का सांगते तर प्लेस्टेशनच्या रिमोटवर गोल आणि फुली ही बटणं आहेतच. आपण लहानपणापासून फुली दाबली की "हो" आणि गोल दाबलं की "मागे". इथे पहिल्यापासून उलटं होतं, गोल म्हणजे हो, फुली म्हणजे नको, आणि इथल्या रीतीने तेच बरोबर. 2020 मध्ये पीएस फाइव्ह आला आणि कंपनीने जगभर एकच नियम केला, फुली म्हणजे हो. इथले लोक पार वैतागले. माझी गंमत अशी की मशीनचा मेनू नव्या रीतीने चालतो पण त्यात पीएस फोरचा जुना जपानी गेम लावला की आतमध्ये गोलच "हो". दार एका हाताने उघडायचं आणि आत शिरल्यावर दुसऱ्या. मी दोनदा तरी "सेव्ह नको" करून बसते. इथे एक पोक्त सहकारी आहेत, ते म्हणतात की आमच्या अंगठ्याला पंचवीस वर्षांची सवय, ती कोणत्या अपडेटने जाणार? चिप बदलता येतो, अंगठा नाही.

आता चष्मा. आई म्हणते तो डोळ्यांवरचा डबा. चिन्या, पुण्याचा दादा त्याचा पहिला पीएस व्हीआर स्वस्तात देतोय म्हणून लगेच पैसे टाकू नकोस. तो 2016 चा. तो एकटा काही कामाचा नाही. त्याच्यासोबत मधला प्रोसेसरचा डबा हवा, सगळ्या वायरी हव्यात, पीएस फोरचा कॅमेरा हवा, आणि तो कॅमेरा पीएस फाइव्हला जोडायला एक छोटा अ‍ॅडॉप्टर लागतो. पीएस फाइव्हसाठी आलेला नवा कॅमेरा या चष्म्याला चालत नाही, जुनाच हवा. तुझा पीएस फोरचा रिमोटही जपून ठेव, कारण कॅमेरा त्याच्यावरचा दिवा बघून हात कुठे आहे ते ओळखतो. नव्या रिमोटला तो दिवा तसा नाही. यातलं एक जरी दादाकडे हरवलेलं असेल तर तुझ्याकडे टोपी उरली. आधी सगळं टेबलावर मांडून फोटो पाठव म्हणावं.

आणि 2023 चा व्हीआर टू मागत असशील तर तो छान आहे, कॅमेरे त्याच्यातच आहेत, वायर एकच. पण पहिल्या चष्म्याचे गेम त्यावर चालत नाहीत. काहींची नवी आवृत्ती निघाली, काहींना त्यासाठी परत पैसे, बाकीचे गेले. म्हणून म्हटलं, नोटबंदी. आणि किंमत बघ, भारतात मशीन 54,990 ला होतं तेव्हा चष्मा 57,999 ला लावला होता. घोड्यापेक्षा नालेला जास्त. नंतर पाश्चात्य देशांत भाव उतरवला, तेव्हा थांबशील तर मिळेलच. बारावी होईपर्यंत तर थांबच.

आई, डोळे जात नाहीत त्याने. गरगरतं मात्र काहींना, कारण डोळे म्हणतात आपण पळतोय आणि कान म्हणतात बसलोय, घाटात गाडी लागते ना तसलंच. बसून, थोडा वेळ खेळलं की सवय होते. पण आत्याच्या बारक्याला अजिबात लावू देऊ नका, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी तो नाहीच, कंपनीनेच तसं लिहिलंय. त्याने रडून घर डोक्यावर घेतलं तरी नाही.

गेम विकत घेतल्यावर परत डीएलसीचे पैसे कशाचे, हेही बाबांनी विचारलं होतं. बरंचसं फालतू असतं. 2006 मध्ये एका मोठ्या गेमने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं होतं, लोकांनी इतकी टर उडवली की अजून उडवतात, आणि तरी तेव्हापासून सगळे तेच विकतायत. पण काही खरोखर भरीव असतं. "द विचर 3" ला 2016 मध्ये "ब्लड अँड वाइन" म्हणून जोड आली, त्यात अख्खा नवा मुलूख आहे, आणि तो सगळा द्राक्षमळ्यांचा. नायकाला कामाचा मोबदला म्हणून एक मळा आणि घर मिळतं. ते घर दुरुस्त करायचं, खोल्या सजवायच्या. मी रात्री दमून येते आणि कोणाला मारत-बिरत नाही, नुसती त्या मळ्यातून चालते. वेलींच्या ओळी बघितल्या की दिंडोरीचा रस्ता दिसतो. बाबा, तुम्हाला आवडेल ते, आले की दाखवते. चिन्या, एवढं एक घ्यायला माझी परवानगी. गेम बाहेर यायच्या आधीच पुढच्या सगळ्या जोडण्यांचे पैसे मागतात तो सीझन पास मात्र घ्यायचा नाही. आणि घ्यायचं ते वेळेत घे. निन्टेंडोने थ्रीडीएसचं ऑनलाइन दुकान मार्च 2023 मध्ये बंद केलं, त्यानंतर कोणी कितीही पैसे हातात घेऊन उभा राहिला तरी नवीन काही विकत मिळत नाही. ओसूमध्ये कॅसेटी ढिगाने पडल्यात, जोडण्या कुठेच नाहीत.

आता बाकीचं भरभर लिहिते, कागद संपत आला असं समजा.

पैसे पाच तारखेला टाकलेत. कमी दिसतील. पगार कमी झालेला नाही, येन घसरलाय, मी तेवढेच पाठवते. त्यातून आधी आजीचा मोतीबिंदू. बाबा, "उन्हाळा जाऊ दे" म्हणू नका, तिला टीव्हीवरचे आकडे दिसत नाहीत हे ती तुम्हाला सांगत नाही, मला सांगते. घराच्या हप्त्याचं मी बँकेला इथूनच लावून दिलंय. सिंहस्थाच्या कामांनी गल्ली खणलीय म्हणता, तर आजीला रिक्षा दारापर्यंत येते का ते आधी बघा.

सिन्नरच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. मला एकदा त्याच्याशी बोलू दे, मध्ये कोणी नको. आणि आई, बायोडेटात छंद म्हणून वाचन आणि स्वयंपाक लिहिलंस ते काढ. व्हिडिओ गेम लिही. त्याने नाही म्हटलं तर तेवढंच लवकर कळेल.

पाडव्याला येत नाही. रजा मिळाली नाही असं मी फोनवर म्हटलं ते अर्धंच खरं आहे. इथला करार आणखी दोन वर्षं वाढवला, सही झाली, आणि त्या बदल्यात पहिली रजा सप्टेंबरात मिळतेय. गौरी गेलेल्या असतील, अनंत चतुर्दशीला मी घरी असेन. फोनवर सांगणार होते पण तुम्ही लगेच "बरं बरं, तुझं चांगलं होऊ दे" म्हणाला असता, ते मला ऐकवलं नसतं. आता दोन दिवस रागावून घ्या, मग फोन करा.

चिवडा संपला. पुढच्या पार्सलमध्ये दोन पुडे टाका, आणि डिंकाचे लाडू नकोत, फुटतात. बरं, टाका.

तुमची,
मनू

ता. क. चिन्या, पीएस टू खाली काढलास की एकदा लावून बघ आणि चालू होतोय का मला कळव. लावायच्या आधी मागची धूळ ब्रशने काढ, फुंकर मारू नकोस.