मुलांना उत्तरपत्रिकेत विचार रेखाटू द्या

माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. आकृती काढत विचार करणाऱ्या मुलाला आपल्या परीक्षा न्याय देत नाहीत, म्हणून हे पत्र.

‘पचनसंस्थेची सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ म्हटलं की मुलं पुस्तकातलं चित्र हुबेहूब उतरवतात. त्याच मुलांना ‘खाल्लेली भाकरी आणि प्यायलेलं पाणी कुठून कुठे जातं ते काढा’ असं सांगा. काहीजण घशापासून दोन वेगळ्या नळ्या काढतात, एक भाकरीची, एक पाण्याची! पाठ केलेल्या आकृतीत ही समजूत कधीच दिसत नाही. ती कागदावर उतरली की वर्गात वाद होतो, आणि घास आणि घोट एकाच अन्ननलिकेतून जातात हे मग पक्कं बसतं.

अपूर्णांकांचंही तेच. १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे त्यांना खटकत नाही. एक आयत काढून त्याचे उभे दोन आणि आडवे तीन भाग केले की सहा घरं होतात. अर्धा म्हणजे तीन घरं, एक तृतीयांश म्हणजे दोन. मिळून ५/६. छेद समान का करायचा, ते मुलाला स्वतःच्या रेघांत सापडतं. पण अशी आकृती काढून लिहिलेल्या बरोबर उत्तराचे गुण ‘रीत नाही’ म्हणून कापलेले मी पाहिले आहेत. फार वाईट वाटतं.

वीज आणि चुंबकत्वाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांचं गणिताचं शिक्षण बेताचंच होतं. चुंबकाभोवतीच्या बलरेषांचं चित्र त्यांनी मांडलं. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी त्याला गणिताचं रूप नंतर दिलं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० कलेची इतर विषयांशी सांगड घालायला सांगतं. तरी आपल्याकडे चित्रकला अजून आपल्या तासापुरती आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांपुरतीच राहिली आहे. वर्गांत डिजिटल फळे आले, चांगलंच झालं. पण पडद्यावरचं धडधडतं हृदय बघणं आणि रक्ताची वाट स्वतः बाण काढून ठरवणं यांत फरक आहे.

गणित, विज्ञान, भूगोलाच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेत स्वतः विचार करून आकृती काढायचा निदान एक प्रश्न असावा. त्याला सुबकपणाचे नव्हे, समजेचे गुण असावेत. तपासणीच्या सूचनांत आकृतीने सोडवलेलं गणित ‘रीत’ म्हणून स्पष्ट मान्य करावं. दृष्टिहीन मुलांसाठी बोटांनी वाचता येणाऱ्या, उठावाच्या आकृत्या प्रत्येक तालुक्यात मिळाव्यात. यातलं तपासणीच्या सूचनांचं काम तर येत्या परीक्षेपूर्वीही होऊ शकेल.

आपली,
एक शिक्षिका