तक्ता वाचता आला म्हणजे झालं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोफत मोतीबिंदू शिबिराची बातमी आपल्या अंकात वाचली. शिबिरे व्हायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण ऑपरेशननंतर काय काय दिसू शकते, याबद्दल बातमीत अक्षर नव्हते. मला ऑपरेशनआधी रुग्णालयातही कोणी काही सांगितले नव्हते. म्हणून हे पत्र.

मी 38 वर्षे नाशिकच्या एका छापखान्यात ऑफसेट मशीनवर होतो. चार रंगांच्या प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या नाहीत, की अक्षराला दुसरी फिकी कड येते. आम्ही म्हणायचो, रजिस्टर हललं. भिंग लावून ते पकडण्यात माझा जन्म गेला. त्यामुळे उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर महिन्याभराने आपल्या मथळ्याखाली दुसरा फिका मथळा दिसला, तेव्हा मी आधी तुमच्या छपाईखात्याला शिव्या घातल्या. मग तसेच दुधाच्या पिशवीवर दिसले, सिटी बसच्या पाटीवर दिसले, भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिसले. रजिस्टर माझ्याच डोळ्यात हलले होते.

तसे पहिले काही दिवस मी खुशीत होतो. डोळ्यातले जुने, नैसर्गिक भिंग वयाने पिवळट झालेले असते, ते निघाल्यावर पांढरा रंग खरोखर पांढरा दिसतो. घरातली भिंत क्रीम रंगाची आहे असे मी इतकी वर्षे समजत होतो! उजव्या कडेला चंद्रकोरीसारखी एक काळी सावली मात्र सतत दिसायची. घरी सांगितले तर भास म्हणाले. भास नव्हता. त्याच्या जागी बसवलेल्या कृत्रिम भिंगाच्या कडेपाशी प्रकाश जसा वळतो त्यामुळे काही जणांना ती दिसते, आणि बहुतेकांची काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, जाणवेनाशी होते. माझीही गेली. एवढे एक वाक्य कोणी आधी बोलले असते तर पंधरा रात्रींची झोप वाचली असती.

मथळ्याखालचा मथळा मात्र गेला नाही. तक्रार केली की रुग्णालयात समोर अक्षरांचा तक्ता लावायचे. शेवटून दुसरी ओळ वाचली की म्हणायचे, "काका, उत्तम आहे, वयाप्रमाणे थोडं चालायचंच." आता तक्त्यावर ठळक काळी अक्षरे, मागे उजेड, खोलीत अंधार. एक सावली धरूनही ती वाचता येतात. अक्षर ओळखले का एवढेच तो तक्ता विचारतो, एक दिसले की दीड, ते नाही.

वर्षभराने त्याच डोळ्याला धुरकट दिसू लागले. डॉक्टर म्हणाले, "मागे पडदा आलाय, लेझर करू." मोतीबिंदू परत आला असे गल्लीत सगळे म्हणाले, पण तसे नसते. कृत्रिम भिंग ज्या नैसर्गिक पिशवीत बसवतात तिच्यात थोड्या पेशी उरतात. त्या वाढून मागच्या पातळ पडद्यावर पसरतात आणि तो गढूळ होतो. याग नावाच्या लेझरने त्या पडद्याला मधोमध खिडकी पाडतात. टाका नाही, दुखत नाही, पाच-दहा मिनिटांत बाहेर. दोन दिवस डोळ्यापुढे चिलटे उडाल्यासारखी वाटली, मग धूर गेला. आणि धूर गेल्यावर सावली आधीपेक्षा ठसठशीत दिसू लागली! काच पुसल्यावर तिच्यातला वाक नीट दिसावा, तशी.

त्या वर्षी त्रिपुरारी पौर्णिमेला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, गेलो होतो. लोकांना एका दिव्याचे पाण्यातले धरून दोन दिसत होते. मला चार.

शेवटी एका दुसऱ्या डॉक्टरबाईंनी साधे काम केले. एक डोळा झाकायला लावला, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असताना दोन दिसते आणि कुठलाही एक झाकला की एकच, तर दोष दोन डोळ्यांच्या जुळणीत, आणि तो अचानक सुरू झाला असेल तर लगेच तपासण्याचा. एकाच डोळ्याने सावली दिसत असेल तर दोष त्या डोळ्याच्या आत किंवा पुढच्या पारदर्शक बुबुळात. मग त्यांनी बारीक भोकाच्या चकतीतून बघायला सांगितले. सावली पुसली गेली! म्हणजे डोळ्यामागच्या दृष्टिपटलाचा नाही, पुढच्या काचेचा दोष. बुबुळाचा गोलावा एका दिशेला जास्त होता. त्यासाठी लागणारा, चष्म्याचा सिलिंडर नंबर सव्वा निघाला आणि डोळे कोरडे पडल्याचेही निघाले. चष्मा आणि थेंब, बस्स. रात्री बाहुली मोठी झाली की द्वारका चौकात दिव्यांना अजून थोडी शेपटी येते, तेवढे मी सोसतो.

माझ्या मेहुण्याचे वेगळेच. त्याने जवळचे-लांबचे दोन्ही दिसणारे महागडे भिंग घेतले. त्यात प्रकाश वाटला जातो, म्हणून रात्री गाड्यांच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. त्यालाही पहिल्या ठिकाणी लेझरच सुचवले होते. या बाई म्हणाल्या, पडदा स्वच्छ आहे, घाई नको. मागचा पडदा एकदा फोडला की तो परत भरून येत नाही, आणि पुढे भिंगच बदलायचे ठरले तर ते काम फार अवघड होऊन बसते. मला हे ऐकून घाम फुटला. माझ्या वेळी पडदा खरेच गढूळ होता, पण सावलीचे कारण न शोधताच खिडकी पाडली होती. नशीब माझे, भिंग नीट बसलेले होते.

माझे मागणे फार नाही. शिबिर असो की पंचतारांकित रुग्णालय, घरी सोडताना मराठीत एक कागद द्या. कोणत्या जातीचे, किती नंबरचे भिंग बसवले. कोणती सावली काही दिवसांनी जाते. धुरकट झाले तर काय. आणि ठळक अक्षरांत: विजा चमकल्या, काळे ठिपके एकदम खूप वाढले किंवा नजरेपुढे बाजूने पडदा उतरल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी या, कारण दृष्टिपटल सुटत असू शकते. लेझर केलेल्यांना तर हे आवर्जून सांगावे. मला कागद मिळाला तो फक्त बिलाचा.

लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी 1949 साली पहिले कृत्रिम भिंग बसवले, तेव्हा त्या रुग्णाला मोठा वजा नंबर आला होता. पहिल्याच माणसाने "दिसतंय ना, मग चालायचंच" म्हटले असते तर पुढची भिंगे सुधारली असती का, कोण जाणे.

नाशिकमधल्या एखाद्या नेत्रतज्ज्ञाकडून आपण यावर लिहून घ्यावे. छपाईखात्याला घातलेल्या शिव्या मी मागे घेतो. गेल्या रविवारच्या पुरवणीचे शेवटचे पान मात्र खरोखरच हललेले होते. चष्मा लावून, भिंगाने तपासले आहे.

आपला,
एक निवृत्त मशीनमन,
सिडको, नाशिक