रात्रीच्या दवाखान्यात टाकेही पडावेत

मा. संपादक महोदय,

मुंबईत नोव्हेंबर 2022 पासून सुरू झालेल्या ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ या योजनेत औषधे आणि 147 प्रकारच्या तपासण्या मोफत आहेत. पण माझ्या मते तिचे खरे मोल वेळेत आहे. सकाळी 7 ते दुपारी 2 आणि पुन्हा 3 ते रात्री 10 अशा वेळा ठेवल्यामुळे धुणीभांडी करणाऱ्या बाईला किंवा रिक्षाचालकाला कामाचा खाडा न करता डॉक्टर गाठता येतो.

मात्र किरकोळ पण तातडीच्या दुखण्याला ही सोय अजून पुरी पडत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या सात वर्षांच्या नातवाची हनुवटी जिन्याच्या पायरीवर आपटून फुटली. रात्रीचे साडेआठ वाजले होते. जवळच्या अशाच एका दवाखान्यात डॉक्टर होते, परिचारिकाही होती. त्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि टाके इथे घालत नाहीत, असे सांगून मोठ्या रुग्णालयात धाडले. तिथे केसपेपर काढून बसलो, तर आमच्या पुढे छातीत कळ आलेले एक गृहस्थ आणि दुचाकीवरून पडलेले दोन तरुण. डॉक्टरांनी त्यांना आधी पाहिले, आणि ते रास्तच होते. तीन टाके पडेपर्यंत मध्यरात्र उलटली.

अमेरिकेत नेमक्या अशा रुग्णांसाठी 1970 च्या दशकापासून ‘अर्जंट केअर’ केंद्रे निघाली. आगाऊ वेळ न घेता तिथे टाके, एक्स-रे, मुरगळलेल्या पायाचे उपचार होतात, आणि तेही रुग्णालयातील आपत्कालीन विभागाच्या तुलनेत बरेच कमी खर्चात. अर्थात ती केंद्रे बहुतांशी खासगी, पैसे मोजून घेणारी. आपल्याकडे हा मधला टप्पा सार्वजनिक खर्चाने उभा राहू शकतो. पोर्टाकेबिनमधल्या दवाखान्यांत जागा नाही हे मान्य. परंतु पक्क्या इमारतीतील निवडक दवाखान्यांत तरी टाके, धनुर्वाताचे इंजेक्शन, दम्याच्या रुग्णासाठी नेब्युलायझर आणि सलाइन लावून दोन-तीन तास देखरेख एवढे व्हावे. छातीत कळ किंवा पक्षाघाताची लक्षणे असल्यास इथे न थांबता 108 क्रमांकावर फोन करावा, असा ठळक फलकही दाराशी हवा.

त्या रात्री आमच्या हाती दिलेल्या चिठ्ठीवर ‘पुढील उपचारासाठी’ एवढेच लिहिले होते. कोणत्या रुग्णालयात, कोणत्या विभागात, याचा पत्ता नव्हता. निदान एवढी दुरुस्ती तरी पैसा न खर्चता उद्यापासून करता येईल.

आपला नम्र,
एक ज्येष्ठ वाचक, मुंबई