निदान कितव्या दिवशी केले?

महोदय,

व्यसनाधीन व्यक्तींपैकी अनेकांना व्यक्तिमत्त्व विकारही असतो, असे विधान वारंवार छापून येते. ते निदान दाखल झाल्यावर कितव्या दिवशी आणि कोणत्या पद्धतीने केले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशन करताना मला हीच माहिती सर्वांत महत्त्वाची वाटत आली आहे.

किशोरवयापासून किंवा ऐन तारुण्यापासून टिकून राहिलेली वागण्याची घडण, अशी या विकाराची व्याख्या असल्यामुळे त्याचे निदान दोन महिन्यांनीही तेच यायला हवे. प्रत्यक्षात दारू सुटल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात झोप उडालेला, हात थरथरणारा माणूस 'राग आवरत नाही का?' या छापील प्रश्नापुढे मुकाट्याने 'हो'वर खूण करतो आणि पुढे तोच प्रश्न समोरासमोर विचारला की 'प्यायलेलो असताना, की एरवी?' असे उलट विचारतो. हा उलटप्रश्न रास्तच आहे, कारण केवळ नशेच्या परिणामाने घडणारे वागणे या निदानात धरू नये, असे डीएसएम-५ (२०१३) ही अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेची निदान-पुस्तिका सांगते. मुलाखत घेणाऱ्याला हा फरक करता येतो, प्रश्नावलीला सहसा येत नाही.

मात्र फेरतपासणीत निदान बदलले म्हणजे रुग्ण सुधारला, असे मानणेही घाईचे आहे. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या निदानासाठी पंधराव्या वर्षाआधीच्या वर्तनाचा पुरावा लागतो. मारामाऱ्या, चोऱ्या, घरातून पळून जाणे यांविषयीची उत्तरेही दुसऱ्या खेपेस बदललेली मी पाहिली आहेत. बालपण काही दोन महिन्यांत बदलत नाही. बदलते ती आठवण, किंवा विचारणाऱ्यावरचा विश्वास. शिवाय बॉर्डरलाइन या, भावना व नाती अस्थिर ठेवणाऱ्या व्यक्तिमत्त्व विकाराला नऊपैकी पाच निकष लागतात, त्यामुळे एका उत्तराने पाचाचे चार झाले की कागदोपत्री विकारच नाहीसा होतो. 'आहे' किंवा 'नाही' अशा निकालापेक्षा लक्षणांच्या गुणांची बेरीज दोन तपासण्यांत अधिक स्थिर राहते, ती यामुळेच. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणानेही सौम्य, मध्यम, तीव्र अशी श्रेणी स्वीकारली आहे.

तेव्हा निदानाशेजारी नशा सुटून झालेले दिवस, तपासणीची पद्धत आणि फेरतपासणीची तारीख नोंदवणे सक्तीचे व्हावे. माझ्या टेबलावर येणाऱ्या जुन्या केसपेपरांवर बहुधा एकच तारीख असते, दाखल झाल्याची.

आपला,
एक समुपदेशक