समुद्राच्या नकाशाखालचे पाणीही मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्र तापल्याची बातमी आली की तिच्यासोबत लाल-निळ्या रंगांचा नकाशा हमखास छापला जातो. तो उपग्रहाने टिपलेल्या पृष्ठभागाच्या तापमानाचा असतो, आणि त्यावरून बातमी थेट मासळीच्या दुष्काळावर येऊन थांबते. क्रिल (कोळंबीसारखा दिसणारा, थव्याने राहणारा छोटा समुद्री प्राणी) आणि क्रिलवर जगणारे मासे, पक्षी, देवमासे यांच्याबाबतीत हा हिशेब वारंवार चुकतो. खालचे थंड पाणी किती खोल गेले आहे, किनाऱ्याजवळ ते कधी वर आले आणि किती रुंद पट्ट्यात पसरले, यावर त्यांचे पोट अवलंबून असते. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर हे गेल्या दोन दशकांत लख्ख दिसले आहे. तिथे क्रिल पकडायला राज्याने २००० साली आणि केंद्राने २००९ साली बंदी घातली, त्यामुळे त्याच्या चढउताराचा दोष जाळ्यांवर टाकता येत नाही.

तिथे मार्च-एप्रिलपासून वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहू लागतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला ५० ते १५० मीटर खोलीवरचे थंड पाणी वर येते. या पाण्यात नायट्रेट, म्हणजे समुद्रातले खत, भरपूर असते. ते उजेडात आले की वनस्पती-प्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, वाढ होते आणि तिच्यावर क्रिल पोसतो. त्या समुद्रात पाणी साधारण १५ अंश सेल्सिअसच्या वर असले की त्यात नायट्रेट जवळजवळ नसतेच. म्हणजे तापमान ही पाण्यातल्या खताची खूण आहे. वरचा थर तापून जाड झाला, तर तोच वारा तितक्याच जोराने वाहूनही खालचे समृद्ध पाणी न आणता मधलेच निकस पाणी वर आणतो. वारा आहे, पाणी वर येते आहे, तरी प्लवक नाही, या कोड्याचे उत्तर इथे आहे. उलट वारा फार जोराचा आणि सलग राहिला तर क्रिलची पिल्ले खोल समुद्राकडे वाहून जातात. मधूनमधून पडणारा वारा, माँटेरेसारख्या समुद्राखालच्या दऱ्या आणि पॉइंट रेयीजसारख्या भूशिरांच्या आडोशाचे पाणी त्यांना किनाऱ्यालगत धरून ठेवते.

क्रिल म्हटले की एकच प्राणी डोळ्यासमोर येतो, पण त्या किनाऱ्यावर तीन जातींकडे लक्ष ठेवावे लागते. युफॉसिया पॅसिफिका दोन-अडीच सेंटिमीटरचा, दिवसा दोनशे मीटरहून खोल आणि रात्री वर येणारा. थायसानोएसा स्पिनिफेरा त्याहून मोठा, किनाऱ्याजवळच्या थंड पाण्यातला. पक्ष्यांचे आणि देवमाशांचे आवडते खाद्य. निक्टिफेनीस सिम्प्लेक्स हा दक्षिणेकडच्या उबदार पाण्यातला, आकाराने लहान. पाणी तापले की पहिल्या दोघांची संख्या घटते किंवा ते थंड पट्ट्यात गोळा होतात आणि तिसरा उत्तरेला सरकतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा प्राण्यांचा ऊर्जेचा खर्च साधारण दुप्पट होतो. म्हणजे दोन-तीन अंशांची वाढ म्हणजे अन्न कमी असताना खर्च जास्त. क्रिल प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहतो, आणि उपासमारीत कात टाकल्यावर आधीपेक्षा लहान होऊन बाहेर पडतो. म्हणून नुसत्या संख्येवर विसंबू नये. लांबी मोजलीच पाहिजे. उत्तर कॅलिफोर्नियात उष्णतेच्या लाटेच्या काळात युफॉसियाची लांबी घटल्याची नोंद आहे. तेवढेच क्रिल मिळूनही पक्ष्याच्या पिल्लाचे पोट भरत नाही ते यामुळे.

काळवेळ चुकली तरी नुकसान तेवढेच होते. २००५ मध्ये वारा उशिरा सुरू झाला. पुढे उन्हाळ्यात पाणी वर आलेही, पण सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या फॅरलॉन बेटांवर क्रिलवर जगणाऱ्या कॅसिन्स ऑकलेट या पक्ष्यांनी तोवर घरटी सोडली होती. त्याच वसंतात नदीतून समुद्रात उतरलेल्या चिनुक सामन या माशाच्या पिलांनाही खायला मिळाले नाही. २००६ सालही वाईट गेले. ही पिले मोठी होऊन परतायला दोन-तीन वर्षे लागतात, त्यामुळे सॅक्रामेंटो नदीच्या सामनचा तुटवडा उघड झाला तो नंतर, आणि २००८ व २००९ मध्ये कॅलिफोर्नियात सामनची व्यावसायिक समुद्री मासेमारी बंद ठेवावी लागली. त्या दोन वर्षांचे तापमान पाहून कारण शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागले नसते.

आता २०१४ ते २०१६ च्या उष्णतेच्या लाटेकडे पाहू, कारण नकाशा कसा फसवतो ते इथे नेमके कळते. अलास्काच्या आखातात २०१३ च्या अखेरीस साचलेले उबदार पाणी, ज्याला 'ब्लॉब' म्हणून ओळखतात, नंतर किनाऱ्याला भिडले. २०१४-१५ च्या हिवाळ्यात हजारो ऑकलेट उपाशी मरून किनाऱ्यावर आले. पण २०१५ च्या वसंतात वारा चांगला होता. किनाऱ्यालगत थंड पाण्याची एक अरुंद पट्टी उरली होती आणि तिच्याबाहेर सगळे उबदार. नकाशावर ती निळी पट्टी पाहून 'किनारा सुरक्षित' असे कुणीही म्हटले असते. प्रत्यक्षात त्या पट्टीत सगळ्यांची गर्दी झाली. बाहेर क्रिल विरळ झाल्याने कुबड देवमासे आत आले आणि अँकोव्ही हे छोटे मासे खाऊ लागले. त्याच पट्टीत थंड पाण्यातले खत आणि भोवतालची ऊब यांचा मेळ बसून स्यूडो-नित्सशिया या डायटमची (सूक्ष्म शैवालाची) प्रचंड वाढ झाली, आणि त्याचे डोमोइक आम्ल हे विष डंजनेस खेकड्यांत उतरले. खेकड्याच्या आतल्या अवयवांत दहा लाख भागांत ३० भाग ही त्याची मर्यादा आहे. ती ओलांडल्याने नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू व्हायचा हंगाम थेट मार्च २०१६ च्या अखेरीस उघडला. देवमासे चरायला किनाऱ्याला येतात तेही वसंतातच. खेकड्याचे पिंजरे आणि देवमासे एकाच वेळी एकाच पट्टीत आले. पश्चिम किनाऱ्यावर दोरात अडकलेल्या देवमाशांच्या नोंदी पूर्वी वर्षाला दहाच्या आसपास असत, त्या २०१५ आणि २०१६ मध्ये प्रत्येकी पन्नासच्या घरात गेल्या. त्यानंतर तिथे थंड पाण्याचे क्षेत्र किती आक्रसले आहे याचा दरमहा निर्देशांक काढला जातो, आणि २०२० पासून देवमाशांची प्रत्यक्ष मोजणी धरून खेकड्याचा हंगाम उघडायचा की बंद ठेवायचा ते ठरते. एकाच सरासरी तापमानावर कारभार न चालवण्याचा हा धडा तिथल्या मच्छीमारांनी फार महागात घेतला.

हे आपल्याकडे कशाला, असे कुणी विचारेल. आपल्या डोलीत (प्रवाहात बांधून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्यात) येणारा जवळा हा क्रिल नव्हे, तो कोळंबीचा नातलग. पण अन्नसाखळीत त्याचे काम तेच, बोंबील मुख्यतः त्याच्यावर पोसतो. आणि आपल्याकडचा नकाशा उलट्या दिशेने फसवतो. पावसाळ्याअखेर गोव्याच्या किनाऱ्यासमोर तळाशी थंड आणि प्राणवायू कमी असलेले पाणी उथळ भागापर्यंत येते. त्याच्यावर नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याचा काही मीटरचा उबदार थर बसलेला असतो. उपग्रहाला फक्त तो थर दिसतो. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्रविषयक माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून मच्छीमारांना मिळणारा संभाव्य मासळी क्षेत्राचा सल्ला उपयोगाचा आहे, आम्हीही तो वापरा असेच सांगतो. पण त्याचा पाया पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य हा आहे, आणि ढग असले की तेही दिसत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या बंदरात निदान एका डोलकराच्या जाळ्याच्या तोंडाशी, वर आणि खाली, तापमान नोंदवणारे एकेक छोटे यंत्र भोके पाडलेल्या पीव्हीसी नळीत बसवून बांधावे. दर दहा मिनिटांनी नोंद पुरे. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी ते गोड्या पाण्याच्या बर्फाच्या चिखलात बुडवून शून्य अंश दाखवते का ते तपासावे, नाहीतर यंत्राचा दोष समुद्राच्या नावावर जमा होतो. खोला (जाळ्याचे मासळी साचणारे शेवटचे टोक) रिकामा केल्यावर जवळ्याचे वजन घ्यावे, नीट कालवून शंभर नगांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजावी. ही मोजणी ताज्यावर करावी. सुकवलेला जवळा आकसतो आणि मग उपासमार आणि ऊन यांतला फरक कळत नाही. उधाणातली (मोठ्या भरतीच्या दिवसांतली) पकड उधाणाशी आणि भांगातली (लहान भरतीच्या दिवसांतली) भांगाशीच ताडावी, कारण डोल भरती-ओहोटीच्या ओढ्यावर चालते आणि ओढा कमी असला की जवळा असूनही येत नाही. जाळे किती तास पाण्यात होते ते न लिहिता नुसते वजन लिहिले तर ती नोंद फुकट जाते. कॅलिफोर्नियात मे-जूनच्या रात्री ३० मीटर खोलीवर १५ मिनिटे जाळे ओढण्याची एकच पद्धत १९८३ पासून चालू आहे. दिवसा ओढले तर क्रिल खोल गेलेला असतो किंवा जाळे पाहून निसटतो. पद्धत बदलली नाही म्हणूनच २०१५ सालचे वेगळेपण दाखवता आले.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. असा नकाशा छापाल तेव्हा तो कोणत्या आठवड्याचा, कोणत्या वर्षांच्या सरासरीशी ताडलेला आणि किती खोलीचा, एवढे तीन तपशील त्याच्या खाली द्यावेत. जिथे खालच्या पाण्याचे माप उपलब्ध नाही तिथे तसे स्पष्ट लिहावे.

आपले,
सागरी जीवशास्त्राचे काही अभ्यासक, रत्नागिरी