तारखेची घाई नको

मडगाव

प्रिय आई-बाबा,

प्रभूमध्ये सलाम.

नगरच्या स्थळाला नाही म्हटल्यापासून फोनवर आपलं जेवणखाण आणि तब्येतीपलीकडे बोलणंच होत नाही, म्हणून लिहिते आहे. आईला वाटतं, तिशी उलटली तरी पोरगी लग्न टाळते आहे. आई, मी टाळत नाही. इथल्या सासष्टी तालुक्यातल्या त्या मुलाशीच लग्न करावं असं माझ्या मनात आहे. फक्त तारीख धरण्याआधी मला वेळ हवा आहे, आणि तो तुम्हालाही मिळायला हवा.

बाबा, तुम्ही नेहमी बायबलातल्या इसहाक-रिबकेचा दाखला देता. अब्राहामाचा सेवक विहिरीपाशी प्रार्थना करतो, मुलगी दिसते, सोयरीक जुळते. पण उत्पत्तीच्या त्याच 24व्या अध्यायात घरचे तिला बोलावून विचारतात, या माणसाबरोबर जातेस का? ती म्हणते, जाते. मला हा प्रश्न विचाराल तेव्हा माझं ‘जाते’ वयाच्या धास्तीनं निघालेलं नसावं.

याकोबाचंही तसंच. राहेलीसाठी तो सात वर्षं राबला आणि प्रीतीमुळे ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली. उपदेशात बहुतेक इथेच थांबतात. पण सकाळी पाहतो तर लेआ! सात वर्षं धीर धरूनही फसवणूक चुकली नाही. नुसते दिवस ढकलले की देव आपोआप जोडीदार नीट देतो, असं मला तरी शास्त्रात दिसत नाही. थांबायचं ते माणूस ओळखायला.

आणि मी ओळखते आहे. त्याच्या आईचा आवाज चढला की तो ऐकून घेतो, उलट बोलत नाही, पण स्वतःचं म्हणणंही सोडत नाही. मी ‘या वर्षी नको’ म्हटलं तेव्हा रुसला नाही, मध्यस्थ पाठवले नाहीत. ‘प्रीती सहनशील आहे’ हे पौलाचे शब्द आपल्याकडे लग्नाच्या उपासनेत वाचतात. मला ते लग्नाआधी त्याच्या वागण्यात बघायचे होते, आणि दिसले.

अवघड आहे ते पुढचं. तो कॅथलिक, आपण मराठी प्रोटेस्टंट मंडळीतले. त्यांच्या चर्चमध्ये लग्न लावायचं तर त्याला परवानगी घ्यावी लागते, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक श्रद्धेत व्हावं म्हणून जमेल ते सगळं करीन, असं वचन द्यावं लागतं. ते वचन माझ्याकडून घेत नाहीत, पण त्यानं काय कबूल केलंय हे मला सांगितलं जातं. हे कळलं तेव्हा मला झोप लागेना. संध्याकाळी बाबांनी शास्त्र वाचायचं, आईनं गीत धरायचं, हे माझ्या लेकरांच्या वाट्याला येणार का? माझं मन राखायला तो लगेच ‘येईल’ म्हणाला असता तर मला जास्त भीती वाटली असती. तो म्हणाला, आधी पाद्रींशी बोलतो, मग सांगतो. ते बोलणं अजून चालू आहे.

गोव्यातला कायदाही घाई करू देत नाही. सिव्हिल रजिस्ट्रारकडे आधी लग्नाचा इरादा नोंदवायचा, मधली मुदत जाऊ द्यायची, मग पुन्हा जाऊन सही करायची. आधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता एक होते, अर्धी-अर्धी. आईला याची धास्ती वाटते. मला मात्र हा कायदा मनापासून आवडतो. जे सगळं एक होणार, ते कुणाबरोबर, हे आधी नीट बघून घ्यायला तो भाग पाडतो.

बाबा, आपण नगरचे. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900चा. मधल्या काळात त्या घरानं किती सोसलं, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय. पण लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या मनानं. दोन श्रद्धांचं घर थाटायचं तर मला तोच आधार वाटतो.

नाताळात तो वास्कोला तुम्हाला भेटायला यायचं म्हणतो. बाबा, मुलांच्या बाप्तिस्म्याचं त्याला सरळ विचारा, माझ्यादेखत विचारलंत तरी चालेल. आई, तूही तुझ्या मनातलं विचार, स्वयंपाकघरात जाऊन बसू नकोस. आणि नगरच्या आत्याला कळवा, तोवर दुसरं स्थळ बघू नको.

तुमची लाडकी,
बेबी